शेवटच्या दोन ओळी घरी वाचा

‘कुणाच्या पालक तुम्ही?’ मी विचारलं.

स्टाफरूमच्या दारात पासष्ट-सहासष्टच्या एक बाई उभ्या होत्या. हातात कापडी पिशवी. नोव्हेंबर महिना होता, हजेरी कमी भरलेल्या मुलांची यादी आदल्याच दिवशी लागली होती, आणि त्या आठवड्यात आमच्या दारात जे कोणी उभं राही ते नातवाला कावीळ झाली होती हे सांगायलाच.

‘पालक नाही,’ बाई म्हणाल्या. ‘मला एक कविता शिकायचीय.’

‘कुठल्या वर्गाची?’

‘बी.ए. दुसऱ्या वर्षाची. इंग्रजी.’

आमचे विभागप्रमुख मगदूम सर वर्तमानपत्रामागून म्हणाले, ‘देसूरकर, तुम्ही बघा जरा.’ वर्तमानपत्र खाली आलं नाही. त्यांनी बाईंना ओळखलं होतं, म्हणूनच आलं नाही, हे मला नंतर कळलं.

मी तेव्हा पस्तीस वर्षांचा होतो आणि तासिका तत्त्वावर होतो. म्हणजे तास घेतला तर माणूस, नाही घेतला तर नाही. कायम नोकरीतल्या लोकांना जे काही जरा बघायचं असे, ते मी बघत असे.

बाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं. खाकी कागदाचं कव्हर, कोपरे मऊ पडलेले, आणि त्यावर निळ्या शाईत ‘प्रा. दि. य. हुपरीकर’. मी उठून उभा राहिलो. हुपरीकर सरांच्या नावाला उभं राहायचं ही सवय आमच्या तालुक्यात फक्त मलाच नव्हती.

‘सर कसे आहेत, काकू?’

‘आहेत. बोलतात. पण इंग्रजीच बोलतात.’

ऑगस्टमध्ये सरांना अर्धांगाचा झटका आला होता हे मी ऐकलं होतं. भेटायला जाईन म्हणत होतो. कोल्हापूरच्या दक्षिणेला असलेल्या त्या तालुक्याच्या गावात कुठलंही घर कुठल्याही घरापासून पंधरा मिनिटांच्या वर नव्हतं, त्यामुळे न जायला माझ्याकडे कारणही नव्हतं.

‘मराठी पार गेली बघा,’ काकू खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाल्या. ‘चहा म्हणायला येत नाही. पाणी म्हणायला येत नाही. मला हाक तर आधीपण कधी मारत नव्हते, त्यामुळं तिचं काय झालंय ते कळायला मार्ग नाही. पण रोज अकरा वीस झाले की सुरू होतात. माझ्याकडं बघतात आणि इंग्रजीतनं म्हणतात. तेच तेच. थांबतात, परत म्हणतात. मी नुसती मान हलवते. मग चिडतात. रडतात पण कधी कधी. त्या दिवशी पोस्टातला घुगरे आलेला भेटायला, यांचाच विद्यार्थी. तो दारात उभा राहून ऐकला आणि म्हणाला, काकू, हे सॉनेट म्हणजे प्रेमाची कविता, सर ती तुम्हाला म्हणायलेत. आणि लाजून चहा न घेता गेला.’

त्यांनी पुस्तकातलं पान उघडलं. खुणेला एसटीचं तिकीट घातलेलं होतं.

‘ही म्हणे ती. सर, लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली आम्हाला. एकदा तरी मला काही म्हणत असतील, तर काय म्हणतात ते मला कळायला पाहिजे. डॉक्टर म्हणालेत, दुसरा झटका कधी येईल सांगता येत नाही. मी सातवी पास आहे. एक कविता शिकायला किती दिवस लागतील?’

‘पण ते तुम्हालाच म्हणतात कशावरून?’

‘खोलीत दुसरं कोण असतंय?’ त्या म्हणाल्या.

कविता कुठली ते सांगत नाही. ज्यांनी बी.ए.ला इंग्रजी घेतलं त्यांना कळेल, आणि ज्यांनी घेतलं नाही त्यांचं काही अडलेलं नाही. जुनी आहे, चौदा ओळींची आहे. बारा ओळींत कवी आपल्या माणसाला सांगतो की मी म्हातारा झालोय, माझं आता फार राहिलेलं नाही. आणि शेवटच्या दोन ओळींत सांगतो की हे सगळं तुला दिसतंय आणि म्हणूनच तुझं माझ्यावरचं प्रेम वाढतंय. एवढंच. या एवढ्यावर पिढ्यान्पिढ्यांचे पगार निघाले आहेत.

दुसऱ्या दिवशी माझे तास अकराला संपले आणि मी हुपरीकर सरांच्या घरी गेलो. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला होता. मळीचा वास गावभर असतो तसा त्यांच्या खोलीतही होता. सर खिडकीशी लोखंडी कॉटवर उशांना टेकून बसले होते. दाढी केलेली, शर्टाची सगळी बटणं लावलेली. तोंडाची उजवी बाजू जरा ओघळलेली. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

‘सर, मी देसूरकर. ब्याऐंशीची बॅच.’

सरांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गातही ते असेच पाहायचे, त्यामुळे ओळखलं की नाही ते सांगता येईना.

अकरा वीसला त्यांनी घसा साफ केला.

‘इन धिस सॉनेट कॉमा द पोएट कॉमा हू इज नाऊ एजेड कॉमा…’

मग थांबले. काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली. सरांच्या कपाळावर आठी आली. ‘हू इज नाऊ एजेड कॉमा,’ ते पुन्हा म्हणाले. थांबले. ‘हू इज नाऊ एजेड.’

‘हीच ना?’ काकू माझ्या कानाशी म्हणाल्या.

नव्हती. ती कविता नव्हती. ती कवितेवरची नोट होती.

हुपरीकर सरांनी चौतीस वर्षं शिकवलं, आणि शिकवलं म्हणजे सांगितलं. अकरा वीसला वर्गात यायचे, हजेरी घ्यायचे, पुस्तक उघडायचे आणि नोट सांगायला सुरुवात करायचे. स्वल्पविरामासकट. त्यांना सगळे कॉमासर म्हणायचे. शेवटच्या बाकावरचं शेवटचं पेन थांबेपर्यंत पुढचं वाक्य यायचं नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात या कवितेची नोट यायची, दर वर्षी, शब्दाला शब्द तीच. ब्याऐंशी साली मी ती लिहून घेतली, परीक्षेत लिहिली, दहापैकी सात मिळवले. आणि सत्त्याण्णवच्या जुलैमध्ये त्याच वहीतून मी ती माझ्या वर्गाला सांगितली होती. कॉमासकट. मगदूम सरही तीच सांगायचे. त्यांची वही फक्त माझ्यापेक्षा जुनी होती.

‘हीच,’ मी काकूंना म्हणालो.

आता मागे वळून पाहताना वाटतं, खरं सांगायला तेव्हा एक वाक्य लागलं असतं. नंतर बरीच लागली.

मग मी रोज जायला लागलो. साडेअकरा ते सव्वाबारा शिकवणी. खोलीबाहेरच्या सोप्यात सतरंजीवर आम्ही बसायचो, मध्ये पुस्तक, बाजूला भडंगाची ताटली. आत सर आपलं पहिलं वाक्य म्हणत असायचे, थांबायचे, चिडायचे, पुन्हा म्हणायचे. काकू इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून घेत आणि त्याखाली अर्थ. माझ्या पंचाऐंशी मुलांपैकी एकानंही आजवर मला अर्थ विचारला नव्हता. काकू प्रत्येक शब्दाचा विचारत.

‘हा कवी किती वर्षांचा होता हो, हे लिहिताना?’

‘तिशी-पस्तिशीचा असेल.’

‘आँ? आणि एवढा म्हातारा झाला?’

‘त्या काळी लोक लवकर म्हातारे होत.’

‘लवकर होत नव्हते. सांगत लवकर होते,’ काकू म्हणाल्या. ‘आमचे हे बघा. सत्तर झाली तरी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायचे. गुडघे दुखतात म्हणून एका शब्दानं बोलले नाहीत. तेलाची बाटली लपवून ठेवायचे. मला वास यायचा.’

पाचव्या की सहाव्या दिवशी आम्ही शेवटच्या दोन ओळींना आलो. मी अर्थ सांगितला. काकूंनी तो लिहिला नाही.

‘म्हणजे हा तिला सांगतो, की तुझं प्रेम वाढलंय?’

‘हो.’

‘याला काय माहीत?’

‘म्हणजे… तसं त्याला वाटतं.’

‘तिला विचारलंय का त्यानं?’

‘कवितेत तसं नाही.’

‘मग?’ काकूंनी चष्मा काढला. ‘बारा ओळी आपलं रडगाणं लावलं, ते ठीक आहे. स्वतःचं आहे, लावू दे. पण तिच्या मनातलं हा कोण सांगणार? तिला वाढलंय की कमी झालंय की आणि काय झालंय ते तिनं सांगायला पाहिजे. तिला दोन ओळी पण दिल्या नाहीत?’

एम.ए.ला मला या कवितेवर जाड जाड समीक्षाग्रंथ वाचायला लावले होते. त्यांत हा मुद्दा आलेला आठवेना. मी भडंग खाल्लं.

काकूंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग सावकाश म्हणाल्या, ‘सर, एक विचारू? रागावू नका.’

‘विचारा की.’

‘ही कविता मला आता पाठ आहे. हे जे म्हणतात, त्यातला एक शब्द हिच्यात नाही.’

मी पुस्तकाकडे पाहत राहिलो.

‘आणि कॉमा. हे दर घासाला कॉमा म्हणतात. तुम्ही शिकवलं तेव्हा तुम्ही एकदाही म्हणाला नाही. मी सातवी आहे, पण बहिरी नाही.’

‘काकू, ती नोट आहे,’ मी म्हणालो. ‘कवितेवरची. सर वर्गात सांगायचे ती.’

‘म्हणजे पोरांनी परीक्षेला लिहायची?’

‘हो.’

‘किती मार्काला?’

‘दहा.’

काकूंच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी पाहिलं नाही, कारण मी ताटलीतले शेंगदाणे वेगळे करत होतो. मग आवाज आला म्हणून वर पाहिलं, तर त्या हसत होत्या. पदर तोंडाला लावून, आवाज आत जाऊ नये म्हणून. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि नंतरही पुसत राहिल्या.

‘तीन महिने,’ त्या म्हणाल्या. ‘तीन महिने रोज न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून समोर बसतेय. दहा मार्काचं उत्तर ऐकायला.’

‘मी आधीच सांगायला हवं होतं.’

‘होय. हवं होतं.’

आत सर चिडले होते. ‘एजेड! कॉमा!’ असं ओरडत होते आणि डावा हात कॉटच्या दांडीवर आपटत होते. काकू उठल्या, नेहमीसारख्या दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. आत जाईनात.

‘थांबून कशाची वाट बघतात हो हे?’ माझ्याकडे न वळता त्यांनी विचारलं.

‘लिहून होण्याची,’ मी म्हणालो. ‘शेवटच्या मुलाचं लिहून झाल्याशिवाय सर पुढे जात नसत.’

‘आणि इथं कोणीच लिहीत नाही.’

‘नाही.’

काकू परत आल्या. सतरंजीवरची वही आणि पेन उचललं. कॉटसमोरच्या खुर्चीवर जाऊन बसल्या, मांडीवर वही घेतली आणि पेनाचं टोपण काढलं.

सरांनी हात आपटायचा थांबवला. त्यांनी त्या पेनाकडे पाहिलं. मग घसा साफ केला. ‘इन धिस सॉनेट कॉमा,’ ते म्हणाले. काकूंनी लिहिलं. देवनागरीत, सावकाश, ‘कॉमा’ हा शब्दसुद्धा. ‘द पोएट कॉमा.’ लिहिलं. ‘हू इज नाऊ एजेड कॉमा.’ लिहिलं. सरांनी पेन थांबेपर्यंत वाट पाहिली, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून पुढचं वाक्य आलं.

त्या दिवशी ते दीड परिच्छेद गेले आणि नंतर अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. काकूंनी मला दारापर्यंत येऊन सांगितलं, उद्या या, मधले शब्द मला ऐकू येत नाहीत नीट, तेवढे सांगा.

मी गेलो. रोज एक-दोन परिच्छेद होत होते. कधी ते मागे जात आणि कालचंच सांगत, आणि काकू कालचंच पुन्हा लिहीत. सर शांत झाले होते. झोपत होते. मी सुटलेलं, ऐकू न आलेलं सांगत असे, बाकी कॉटच्या पायथ्याशी स्टुलावर बसून असे. पायथ्याशी बसलेल्या माणसाकडे दोघांचंही लक्ष नसे. मला त्याचं काही वाटत नव्हतं. संध्याकाळी माझ्या खोलीवर तर लक्ष नसायलाही कोणी नव्हतं. पिठाच्या गिरणीच्या वरची खोली होती. आठ वाजता गिरणी बंद झाली की इतकं शांत वाटे की मी स्टोव्ह जरा जास्तच वेळ पेटता ठेवी.

अकराव्या दिवशी वही मिटताना काकू म्हणाल्या, ‘दहा ओळींचं झालं ना हो?’

‘हो. दहाव्या ओळीपर्यंत आलंय.’

‘म्हणजे दोन-तीन दिवसांत शेवटच्या दोन ओळी येतील.’

मी स्टूल भिंतीला सरकवलं.

‘कविता त्याची आहे, मान्य,’ काकू म्हणाल्या. ‘पण त्या दोन ओळींवर यांनी काय सांगितलंय ते यांचं असेल. प्रेमावर सांगायचं म्हणजे काहीतरी स्वतःच्या पदरचं घालावंच लागणार की. पोरांना सांगितलं असेल, मला नसेल. असू दे. मी वर्गातल्या पोरांत बसून ऐकते. तेवढं एक ऐकायचंय मला.’

त्या रात्री मी खाटेखालची ट्रंक ओढून जुनी वही काढली. खरं तर काढायची गरज नव्हती. मला माहीत होतं.

नोट पन्नास मिनिटांची होती आणि तास पंचेचाळीस मिनिटांचा. बाराव्या ओळीपर्यंत सर येत आणि बाहेर शिपाई रुळाच्या तुकड्यावर टोल देई. सर पुस्तक मिटत आणि म्हणत, शेवटच्या दोन ओळी घरी वाचा. दुसऱ्या दिवशी दुसरी कविता, कारण अभ्यासक्रम संपवायचा असे. चौतीस वर्षांत एकदाही टोल उशिरा पडला नाही. परीक्षेत सगळे बारा ओळींचंच उत्तर लिहीत, आणि पेपर तपासणारे आसपासच्या कॉलेजांतले असत, म्हणजे पूर्वी सरांच्याच वर्गात बसलेले, म्हणून पूर्ण उत्तराचे मार्क देत. त्या कवितेत फक्त म्हातारपण आहे असं आमच्या भागातल्या दोन पिढ्या आजही समजून आहेत. त्यातले काही आता प्राचार्य आहेत.

माझ्या वहीतही तेच. ‘इन द लास्ट टू लाइन्स कॉमा द पोएट’ आणि पुढे कोरी अर्धी बाजू.

सरांकडे ती पाच मिनिटं कुठे तरी असतील का? एकदा तरी सगळी नोट त्यांनी लिहिली असेल ना? असेलही. पण तोंडानं ती त्यांनी कधीच म्हटली नव्हती, आणि डॉक्टर म्हणाले होते, वर्षानुवर्षं घोकलेलं तेवढंच राहिलंय.

मग मी एक काम केलं, ज्याचा मला आजही नीट खुलासा करता येत नाही. फुलस्केप कागद घेतला आणि सरांच्या भाषेत, सरांच्या स्वल्पविरामांसह, शेवटचा परिच्छेद लिहिला. वृद्ध माणूस आपल्या सहचारिणीकडे पाहतो, तिनं न बोलता दिलेल्या वर्षांची त्याला आठवण होते, वगैरे. खाली मराठी अर्थ. काकूंना म्हणणार होतो, माझ्या वहीत सापडला, आमच्या वर्षी टोल उशिरा पडला होता. प्रेमाविषयी अधिकारवाणीनं लिहावं असा माझा कुठलाच अनुभव नव्हता, पण इंग्रजी विभागात ही अडचण समजली जात नाही. चार वेळा लिहून काढला. चांगला झाला होता. मी स्वतः तो दोनदा मोठ्यानं वाचला, खाली गिरणी बंद असताना.

रविवारी मी तो कागद घडी करून खिशात घातला आणि गेलो.

काकूंनी त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसली होती. वहीची पुढची दोन पानं आधीच मोकळी मोडून ठेवली होती. अकरा वीसला सरांनी सुरू केलं. अकरावी ओळ, बारावी ओळ. आवाज चांगला लागला होता, जवळजवळ वर्गातला. काकू लिहीत होत्या. कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा बारा वाजले.

‘न्यू पॅराग्राफ,’ सर म्हणाले. ‘इन द लास्ट टू लाइन्स कॉमा द पोएट…’

थांबले.

काकूंनी तेवढं लिहिलं आणि पेन थांबवलं. सर पेनाकडे बघत होते. पेन थांबलं होतं, म्हणजे पुढचं यायला हवं होतं. त्यांचे ओठ हलले. त्यांनी दाराकडे पाहिलं. टोल ऐकू येईल म्हणून कान दिल्यासारखी मान वाकडी केली. रविवार दुपार होती, बाहेर कोणी एक सायकलसुद्धा नव्हती.

‘द पोएट,’ सर पुन्हा म्हणाले, हळू. मग डावा हात उचलून त्यांनी समोर हवेत पुस्तक मिटल्यासारखं केलं, पण तेही अर्धंच. ते घाबरले होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

‘पुढं?’

मी खिशात हात घातला.

‘देसूरकर सर, तुमच्या वहीत आहे का पुढचं?’

माझा हात खिशात होता. कागदाची घडी बोटांना लागत होती. काकू सरळ माझ्या डोळ्यांत बघत होत्या, आणि मला वाटतं, मी हो म्हणालो असतो तर त्यांनी ते लिहूनही घेतलं असतं.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘कुणाच्याच नाही. सरांनी ते कधी सांगितलंच नाही. तास संपायचा.’

‘कधीच नाही?’

‘कधीच नाही.’

काकूंनी मान हलवली. एकदाच. मग त्यांनी वहीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. सरांचा हात अजून हवेत होता. तो त्यांनी धरून खाली पांघरुणावर ठेवला.

‘असू दे,’ त्या म्हणाल्या. ‘हे माझं मी लिहिते.’

आणि त्या लिहायला लागल्या. कोणी काही सांगत नसताना. तीन-चार ओळी झाल्या असतील. मध्ये एकदा थांबून पेनाचं टोक दातांत धरलं, मग पुन्हा लिहिलं. सर ते पेन बघत होते. त्यांनी चौतीस वर्षांत हजारो पेनं चालताना पाहिली असतील, पण आपण गप्प असताना चाललेलं पेन त्यांनी कधी पाहिलं नसावं. त्यांनी मान पुढे काढली. तोंडाची चांगली बाजू हलली.

‘रिपीट,’ सर म्हणाले.

हा शब्द त्यांचा नव्हता. वर्गात तो आमचा होता. मागच्या बाकांवरून, लिहिता लिहिता मागे पडलेली मुलं ओरडायची, रिपीट सर. सरांना तो कधी वापरावा लागला नव्हता.

काकूंना अर्थ माहीत होता की नाही कुणास ठाऊक. पण त्यांनी खुर्ची कॉटला लावली, वाकल्या, आणि वहीतलं वाचलं. मराठीत. तुकडा तुकडा करून, प्रत्येक तुकड्यानंतर थांबून, त्यांच्याकडे बघून.

‘मला दिसतंय सगळं. तुमचे गुडघे मला दहा वर्षांपासून दिसतात. तुम्ही मला कधी काही म्हणाला नाही, ते पण दिसलं. प्रेम वाढलं की काय झालं, ते मी मोजलं नाही. पण रोज अकरा वाजले की मी साडी बदलते.’

सर ऐकत होते. मराठी त्यांना कळत होती की नाही हे डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नव्हतं. मार्चमध्ये ते गेले, तोपर्यंत ते कळलंच नाही.

‘रिपीट,’ ते म्हणाले.

काकूंनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. या वेळी सरांचं डावं बोट पांघरुणावर हलत होतं. अडखळत, डावीकडून उजवीकडे, ओळ संपली की पुन्हा डावीकडे. काकू ते बोट थांबेपर्यंत थांबत आणि मग पुढचं वाचत.

मी उठलो. स्टूल वाजलं. कोणी वळून पाहिलं नाही. सोप्यात आलो, दार ओढून घेतलं, पूर्ण नाही. आतून पुन्हा आवाज आला, रिपीट, आणि काकू पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या.

माझ्या साध्या चपला होत्या, पट्टा नाही, बंद नाही, पाय सारला की झालं. तरी त्या घालायला मला दहा मिनिटं लागली.